पहिल्या वर्षीचा भोपळा

दातवाले खोटे दात बनवायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नाही. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल. डॉक्टर पुढच्या खोलीत लोकांच्या तोंडाचा ठसा घ्यायचे, तो मागे यायचा. मग दातवाले त्यात प्लास्टर ओतायचे, जबडा तयार झाला की त्यावर मेणाची हिरडी आणि मेणात एकेक दात. गावातली निम्मीअर्धी म्हातारी माणसं त्यांच्या दातांनी जेवायची. रस्त्यात भेटली की मुद्दाम तोंड पसरून हसायची. "बघा, अजून जागेवर आहेत!" दातवाले हे नाव त्यातूनच पडलं आणि इतकं रुळलं, की त्यांची बायकोही दुसऱ्यांशी बोलताना त्यांना तसंच म्हणायची.

मग एका वर्षी मेणात दात बसवताना दातच दिसेनासा झाला. चिमटा दिसायचा, टेबलाची कड दिसायची, खिडकीचा गज दिसायचा. पण जिथे नजर रोखावी तेवढीच जागा पुसल्यासारखी व्हायची. त्यांनी चष्मा बदलला, दिव्यातला बल्ब बदलला, टेबल खिडकीच्या आणखी जवळ सरकवलं. कुणाला काही बोलले नाहीत. शेवटी एका बाईंची कवळी परत आली. उजवीकडचा सुळा डावीकडे बसला होता. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी कवळी टेबलावर ठेवली, दातवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा डोळे दाखवून या."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. औषध? थेंब देतो, म्हणाले, पण त्या थेंबांनी काय होणार ते सांगितलं नाही.

दातवाले घरी बसले. बायको सकाळी लाँड्रीत कामाला जायची. कपडे मोजून घ्यायचे, डाग कुठे आहे ते विचारायचं, चिठ्ठी टाचायची, हे तिचं काम. ती संध्याकाळी घरी येईपर्यंत दातवाले खुर्चीत बसलेले असायचे. तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं तर तोंड दिसायचं नाही, म्हणून ते तिच्या कानाकडे बघून बोलायला शिकले.

"काय आहे एवढं माझ्या कानात?" ती म्हणायची.

"तुझं तोंड आहे," ते म्हणायचे.

सुरुवातीला दोघं हसायचे. पुढे ती विचारेनाशी झाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना सिस्टर भेटल्या. बाई पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला आल्या होत्या आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"तुम्ही दातवाले ना? माझ्या वहिनीची कवळी तुम्हीच केलेली. वहिनी गेली, कवळी तश्शी आहे. टाकवत नाही हो."

दातवाले बाकावर थोडे सरकले. मग सिस्टरच बोलत राहिल्या. त्या घरामागच्या जागेत भोपळे लावायच्या. खायचे नव्हेत, मोठे. दर वर्षी बाजाराच्या मैदानावर भाजीपाल्याचं प्रदर्शन भरायचं, तिथे वजनाला न्यायचे.

"मोठे म्हणजे केवढे?" दातवाल्यांनी केवळ रीत म्हणून विचारलं.

"गेल्या खेपेचा चौघांनी ताडपत्रीत घालून उचलला. एकाची कंबर धरली."

दातवाल्यांनी दोन्ही हात पसरून अंदाज घेतला. मग म्हणाले, "मला दिसेल?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "न दिसायला काय झालं? सोफ्याएवढा होतो. डावीकडून बघा, उजवीकडून बघा. आणि नाही दिसला तर हात लावून बघा, तुमचे हात तर शाबूत आहेत."

त्यांनी चार बिया दिल्या. एकेक बी अंगठ्याच्या पेराएवढी. कसं करायचं तेही सांगितलं: बीच्या कडा हलक्या हाताने घासायच्या, टोक सोडून, कोमट पाण्यात भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायची. मोड आला की कुंडीत आणि दोन पानं आली की जमिनीत.

बायकोने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "शाळेत भोपळ्यांशिवाय काही मिळवलं नाही म्हणून सांगता. आता म्हातारपणी परत तेच?"

पण घासायच्या कागदाचा तुकडा शोधून तिनेच दिला. दातवाल्यांनी बीची कड घासली आणि त्यांच्या लक्षात आलं की हे काम आपल्याला येतंय. कवळीची कड अशीच घासायची असते, हिरडीला टोचणार नाही इतकी. त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले.

पहिली बी कुजली. ओलसर ठेवा म्हटल्यावर त्यांनी फडकं पाण्यात पोहायलाच सोडलं होतं. दुसरीला मोड आला, पण कुंडी उन्हात विसरली. तिसरी उगवलीच नाही. चौथी जगली. परसात भिंतीलगत बायकोची कपडे वाळत घालायची जागा होती, ती खणून त्यांनी खड्डा केला, सिस्टरांच्या सांगण्यावरून त्यात कुजलेलं शेण आणि पालापाचोळा भरला आणि रोप लावलं. बायकोने कपड्यांच्या दोऱ्या स्वयंपाकघरात बांधल्या. जेवताना डोक्यावर चादरी लोंबायच्या.

वेल अशी धावली की दोघांनाही धसका बसला. सकाळी भिंतीपाशी असलेलं टोक दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे असायचं. दातवाले गुडघ्यांवर बसून वेल चाचपत जायचे, प्रत्येक पेरावर माती लोटायचे, म्हणजे तिथूनही मुळं फुटतात आणि वेल आणखी जेवते. बाजूचे फुटवे शोधून खुडायचे. हे सगळं बोटांनी जमायचं. डोळ्यांची गरज फक्त फुलांना लागली.

फुलांसाठी बायकोला पहाटे उठवायला लागलं. ती वेणी न घालता तशीच बाहेर आली.

"आता बघ," दातवाले म्हणाले, "नुसत्या काडीवर असेल ते नर. ज्याच्या बुडाशी लिंबाएवढी गाठ असेल ती मादी. नराच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा हिच्या आत फिरवायचा. हलकेच."

"काय काय करायला लावताय सकाळी सकाळी," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिने एकेक मादी फूल शोधलं, पराग लावले आणि किडे जाऊ नयेत म्हणून पाकळ्या वर ओढून दोरीने बांधल्या. शेवटचं फूल बांधून झाल्यावर म्हणाली, "झालं. लागलं लग्न. आता जेवण कुठे आहे?"

दातवाल्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. तिच्या हाताला पिवळी धूळ होती, ती त्यांच्या बोटांना लागली. कितीतरी महिन्यांत ते दोघं असे उभे राहिले नव्हते.

तीन फळं धरली.

सिस्टरांनी बजावलं होतं, वेलीवर एकच ठेवायचा. मुख्य वेलीवर, मुळापासून लांब, देठ वेलीशी काटकोनात असेल असा. बाकीचे काढून टाकायचे. जीव तुटतो, पण काढायचे. फळं मुठीपेक्षा मोठी झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी दातवाल्यांनी चाकू घेतला.

"मी दाखवते," बायको म्हणाली.

"नको. माझं मला कळतं."

ते मुळापासून चाचपत निघाले. पण वेल मध्येच भिंतीला अडून परत मुळाकडे फिरली होती, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. एका फळावर त्यांचा हात पडला. छान गोल, देठ जाड, सरळ. ते थोडं थांबले, इकडे तिकडे हात फिरवला. बायकोला वाटलं हाच ठेवणार. हाच ठेवायचा होता. ती निर्धास्त झाली, आणि त्याच क्षणी मुळाजवळचा समजून त्यांनी देठावरून चाकू ओढला.

तिचं तोंड उघडं राहिलं.

"बरोबर ना?" त्यांनी मान वळवून विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जुना रुबाब आला होता, डॉक्टरांना कवळी नेऊन दाखवताना असायचा तसा.

"हो," ती म्हणाली. "बरोबर."

दुसरा त्यांनी बाजूच्या फुटव्यावरचा काढला, तो काढायचाच होता. राहिला तो मुळाजवळचा, एका अंगाने चपटा, देठ वेलीला चिकटून वाकडा.

"जरा जवळ वाटतोय नाही मुळापासून?" त्यांनी हात फिरवत विचारलं.

"वेल वळलीय ना, म्हणून," ती म्हणाली.

त्याखाली त्यांनी वाळू पसरली, ऊन लागू नये म्हणून वर जुनी चादर ताणली. चपटा असला तरी तो सुरुवातीला जोमाने वाढला. रोज संध्याकाळी लाँड्रीतून आल्यावर बायको लाँड्रीतलीच कापडी टेप त्याच्याभोवती धरायची आणि आकडा वाचायची. सिस्टरांकडून त्यांनी तोंडी हिशेब घेतला होता, घेर इतका असेल तर वजन साधारण इतकं. दातवाले तो मनातल्या मनात करायचे. तिरकं बघितलं की चादरीखाली एक फिकट पिवळा ढीग दिसायचा. दिसायचा, म्हणजे खरंच दिसायचा.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. फोनवर ती विचारायची, "बाबा, किती झाला?" ते आकडा सांगायचे. तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. प्रदर्शनाला रजा काढून येते म्हणाली.

मग वाढ मंदावली. देठ वाकडा, वेलीवर ताण, मागे पानं थोडी. जे व्हायचं तेच होत होतं. एका संध्याकाळी बायकोने टेप धरली, तर आकडा कालचाच. ती आकडा बोलायला गेली, आणि दातवाले मान किंचित वाकडी करून वाट बघत होते. ती म्हणाली, "दोन बोटं वाढलाय."

दोन बोटं म्हणजे काय मोठं? उद्या खरंच वाढेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी अगदी थोडा वाढला. तोवर दोन बोटांचं अंतर पडलं होतं, तिला ते धरून पुढे जावं लागलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. आकडा एकदा पुढे गेला की त्याला मागे आणता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा मुलीने रेल्वेचं तिकीट काढलं होतं.

दातवाल्यांची एक सवय होती. मोजून झालं की ते चादरीखाली शिरून दोन्ही हातांनी भोपळ्याला मिठी मारायचे. त्याच्या पलीकडच्या अंगाला एक खरखरीत वण होता. डाव्या हाताचं मधलं बोट बरोबर त्या वणावर पडायचं. आकडा वाढत होता आणि बोट वणावरच पडत होतं. आठवडा गेला. आकडा आणखी वाढला. बोट वणावर.

ते आत येऊन खुर्चीत बसले आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकावर घासत राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"बोटांना कळेनासं झालंय. भोपळा एवढा वाढतोय आणि माझ्या हाताला तेवढाच लागतोय."

ती चादरीच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले. तेव्हाच सांगायचं होतं. ती म्हणाली, "वय झालं आपलं. होतं असं."

त्यानंतर दातवाले हळूहळू एकेक गोष्ट सोडायला लागले. दाढी स्वतः करायचे, ती न्हाव्याकडे करायला लागले. पाव कापायचे, तो तिच्याकडे सरकवू लागले. शर्टाची बटणं लावताना थांबायचे, परत खालून मोजायचे. बायकोला वाटलं डोळे आणखी गेले.

त्याच सुमारास एका दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. बायको कामावर होती.

"मी विचार करत होतो," डॉक्टर म्हणाले. "प्लास्टर घासायचं आणि पॉलिशचं काम हाताचंच आहे, डोळे नाही लागत त्याला. दिवसाला दोन-तीन तास आलात तर? तुमच्या हातासारखी सफाई दुसऱ्याला नाही."

दातवाल्यांनी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "डॉक्टर, हातही गेले," ते म्हणाले.

"असं कसं?"

"गेले. मला माहीत आहे ना."

फोन ठेवून ते परत खुर्चीत बसले. बायकोला त्यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

प्रदर्शन जवळ आलं तशा एका सकाळी सिस्टर आल्या. भोपळा न्यायचा तर ताडपत्री किती मोठी लागेल, माणसं किती लागतील, हे बघायला. बायको लाँड्रीत गेली होती. दातवाल्यांनी त्यांना परसात नेलं आणि चादर बाजूला केली, स्वतःच्या लेकीला दाखवावं तशी.

सिस्टरांनी भोपळ्याभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी पिशवीतून आपली टेप काढली, गुडघे मोडून खाली बसल्या आणि मोजून उठल्या.

"तुम्ही मला फोनवर केवढा सांगितलात?"

दातवाल्यांनी आदल्या संध्याकाळचा आकडा सांगितला.

"कुणी मोजला?"

"बायकोने."

सिस्टरांनी टेपवरचा आकडा सांगितला.

"तुमची टेप चुकतेय," दातवाले म्हणाले.

"टेप नाही चुकत हो." त्या वेलीवर वाकल्या. "आणि हा का ठेवलात? हा तर मुळाशी आहे. इथे पुढे चांगला धरला होता की. हा बघा, देठ कापलेला दिसतोय. कुणी कापला हा?"

दातवाले खाली बसले. त्यांनी भोपळ्याला मिठी मारली. मधलं बोट वणावर पडलं. मग त्यांनी वेलीवरून हात नेला, भिंतीशी जिथे ती वळली होती तिथून परत, आणि सुकलेला देठ त्यांच्या हाताला लागला. जाड, सरळ. ओळखीचा.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही आता जा."

"अहो, पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं. माझा पहिला तर…"

"जा तुम्ही."

बायको संध्याकाळी आली तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसले होते. दिवा लावलेला नव्हता. त्यांना त्याची गरज नसायची. तिने दिवा लावला, पिशवी ठेवली, टेप काढली.

"चला, मोजू या."

"सिस्टर येऊन गेल्या. मोजून गेल्या."

ती टेप हातात धरून उभी राहिली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वाढ थांबली तेव्हापासून." तिने आडवेढे घेतले नाहीत. "तुम्ही इतके खूश असायचात. मला बोलवेना."

"आणि कापला तेव्हा?"

"तेव्हा… तोवर कापून झाला होता. सांगून काय परत चिकटला असता?"

"नसता चिकटला," दातवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "चूक माझी होती. माझी मला कळली असती. मी एक दिवस जेवलो नसतो, दोन दिवस जेवलो नसतो. मग जेवलो असतो."

"मला वाटलं तेवढंच एक राहिलंय तुम्हाला."

"एक नव्हतं राहिलं. हात होते." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, ते तिला दिसत होते, त्यांना नव्हते. "माझी बोटं मला रोज खरं सांगत होती आणि तू रोज आकडा वाचत होतीस. मी तुझं ऐकलं. चाळीस वर्षं ज्या बोटांवर जेवलो त्यांना खोटं पाडलं मी तुझ्यासाठी."

"अहो…"

"डॉक्टरांचा फोन आला होता. काम देत होते, घासायचं, पॉलिशचं. डोळे नाही लागणार म्हणाले. मी त्यांना सांगितलं हात गेले."

तिने टेप खाली ठेवली. "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो? आणि तू काय म्हणणार होतीस? वय झालं आपलं, हेच ना?"

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ती दातांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर चांगले माणूस होते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. जागा भरली होती. नवी मुलगी चार दिवसांपूर्वीच रुजू झाली होती, तिला आता काढता येणार नव्हतं. बायको घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "गेले होते. जागा नाही आता." दातवाल्यांनी मान हलवली, बस्स.

ते परसात जाईनासे झाले. तिने मात्र भोपळा सोडला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळी कामावर जायच्या आधी पाणी, आल्यावर पाणी, उरलेलं सगळं खत. प्रदर्शनाला अजून थोडे दिवस होते, तेवढ्यात जे होईल ते होईल. सिस्टरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, शेवटी शेवटी इतकं पाणी देऊ नये. पण विचारायला तिला तोंड नव्हतं.

एका सकाळी ती बादली घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"फुटला," ती म्हणाली.

"किती?"

"देठापासून खालपर्यंत. आतलं दिसतंय."

दातवाले उठले. भिंत धरत परसात गेले आणि त्यांनी चिरेत हात घातला. आत थंड होतं, तंतू आणि चिकट पाणी. कोपरापर्यंत हात गेला. आंबूस वास यायला लागला होता. त्यांनी हात बाहेर काढला आणि तो धरून उभे राहिले. बायकोने फडकं आणून दिलं. ते त्यांनी घेतलं.

मुलीला बायकोनेच फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, फोन बाबांना दे. "बाबा, पुढच्या वर्षी परत लावू. मी येईन मदतीला."

"पुढच्या वर्षी मला पिवळंसुद्धा दिसायचं नाही," ते म्हणाले आणि फोन बायकोकडे दिला.

भोपळा जागेवरच कापून बादल्यांतून बाहेर टाकायला दोघांचा अख्खा दिवस गेला. ती कापायची, ते बादली उचलायचे. फार बोलले नाहीत. बाजूला हो, इकडे धर, जड आहे, एवढंच. एक तुकडा तिने शिजवून बघितला. त्याला कसलीच चव नव्हती. मीठ घातलं तर मिठाची चव आली.

महिन्याभराने डोळे दाखवायचे होते. ती कामावर सुट्टी घेऊन बरोबर गेली. डॉक्टरांनी दिवा मारून बघितलं, दातवाल्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. दातवाल्यांना तिथे अक्षरं आहेत एवढंही कळलं नाही. "ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "काळजी करण्यासारखं काही नाही. थेंब चालू ठेवा. सहा महिन्यांनी या." त्यांचा आवाज मोकळा, चांगला होता.

दोघं बाहेर आले. दवाखान्यासमोर रस्त्याला गर्दी होती, गाड्या एकामागून एक जात होत्या. फुटपाथच्या कडेला दातवाले थांबले.

"डॉक्टर बोलत होते तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं?"

एक बस गेली, मग दुसरी.

"ते तुमच्याकडे बघत नव्हते," ती म्हणाली.

"मग?"

"माझ्याकडे बघत होते. आणि मान हलवत होते. नाही म्हणताना हलवतात तशी."

"काळजी करण्यासारखं काही नाही म्हणाले तेव्हा?"

"तेव्हाच."

दातवाल्यांनी तिच्या कानाकडे तोंड वळवलं, मग परत समोर केलं. "बरं," ते म्हणाले.

गाड्या थांबल्या. तिने त्यांचा दंड धरला.

"पायरी आहे," ती म्हणाली. "उंच आहे, जपून."

त्यांनी पाय खाली सोडला. पाय टेकेपर्यंत त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला. टेकल्यावर सोडला आणि ते तिच्या पुढे अर्धं पाऊल चालू लागले.